वाफेखालची ओळ

गाणं लिहिणाऱ्या माणसाला चारचौघांत कुणी म्हणावं, "ही ओळ मी आधी कुठेतरी ऐकलीय," यासारखी दुसरी नामुष्की नाही. चोराला निदान ठाऊक तरी असतं की आपण चोरी केलीय. धाकटीला तेही ठाऊक नव्हतं.

धाकटी म्हणजे काही लहान पोर नव्हे हो. साठीला टेकलेली बाई, केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे. गाणी लिहून नाव कमावलेली. बाहेर सगळे तिला अदबीनं बाई म्हणतात. पण तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, तिला अजून धाकटीच म्हणते, आणि ही गोष्ट त्या दोघींची आहे. तेव्हा आपणही धाकटीच म्हणू.

झालं असं की संगीतकाराच्या घरी नव्या गाण्याची तालीम चालली होती. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण. गाणं आईवरचं होतं आणि मुखडा असा होता:

*आभाळ कुठे दाटले गं, माय भरून आली,*
*उन्हात माझ्या डोईवर ती छाया धरून आली.*

गाणारी मुलगी नवीन, पण गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. 'माय भरून आली'वर ती आली की संगीतकार डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. आभाळ भरून येतं, मन भरून येतं, पण माय भरून येते हे याआधी कुणी म्हटलंच नाही, असं तो दहादा बोलून गेला. धाकटी वरवर नको नको म्हणत होती आणि आतून सुखावत होती. कोण नाही सुखावणार?

मग चहा आला आणि व्हायोलिन वाजवणारे काका कप खाली ठेवून म्हणाले की बाईंच्या या ओळीला एका जुन्या गाण्याचा वास येतोय. लहानपणी रेडिओवर लागायचं. शब्द काही आठवत नाहीत, चाल आठवते. असं म्हणून त्यांनी गज उचलला आणि ती चाल वाजवली.

पन्नास वर्षांत धाकटीनं ती चाल ऐकली नव्हती, आणि कानावर पडली तशी तिच्या नाकात वाफेचा नि साबणाचा वास शिरला. काकांनी चाल पुन्हा वाजवली. गाणाऱ्या मुलीनं सहज, गंमत म्हणून, 'माय भरून आली' त्या चालीवर म्हणून बघितलं. बरणीवर तिचंच झाकण बसावं तशी ती ओळ बसली.

संगीतकार सावरायला गेला. म्हणाला, एवढं काय, एखादी लय डोक्यात राहते, जुनं कोण ओळखणार आहे? पण त्याचाही आवाज जरा पडलाच होता. धाकटी उठली. म्हणाली, उद्यापर्यंत थांबा, मला एका माणसाला विचारायचंय, ही ओळ माझी नसेल तर गाणं होणार नाही. संगीतकारानं फोन पुढे केला, आत्ताच विचारा की. ती म्हणाली, त्या माणसाला फोनवर ऐकू येत नाही. फोनवरच काय, कुठेच येत नाही.

ते माणूस म्हणजे ताई.

आता जरा मागे जायला हवं. या दोघींची आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे अभ्रे, सगळं तिथे यायचं. आई वाफेच्या प्रेसवर. प्रेस म्हणजे दोन लांबरुंद पाट, एक खाली, एक वर. खालच्यावर चादर पसरायची, पायडल दाबायचं, की वरचा पाट भस्सकन खाली यायचा आणि वाफेचा असा फूत्कार सुटायचा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल तर शपथ. अशा चार प्रेस एका खोलीत. धाकटी सात वर्षांची असताना आई तापानं गेली. वडील त्याआधीच गेलेले. ताई तेव्हा शाळेत शेवटच्या वर्गात होती. आठवडाभरानं ती शाळेत गेली नाही, आईच्या जागेवर प्रेसपुढे जाऊन उभी राहिली. घरी धाकटीला सांभाळायला कोण होतं? मग ती घड्या घालायच्या टेबलाखाली बसायची आणि तिथून ताईकडे बघत राहायची.

त्या खोलीतल्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढून उपयोगच नव्हता, म्हणून नुसते ओठ हलवायचे, आणि समोरची ते वाचायची. सासूच्या चहाड्यांपासून बाळंतपणापर्यंत सगळं असं बिनआवाजाचं चालायचं. या भाषेत एकच खोट होती. प, ब, म, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. एकदा एकीनं दुसरीला सावध केलं, 'बोका आला.' बोका म्हणजे तिथला मुकादम, मिशांवरून नाव पडलेलं. दुसरीनं वाचलं, 'मोका आला.' ती आपली खुशाल पाय पसरून चादरींच्या ढिगावर आडवी झाली आणि बोक्यानं तिला तिथेच धरली. त्या दिवसापासून बायकांनी ठरवून टाकलं, म असला की नाकाला बोट लावायचं. अर्थात ज्यांचे हात मोकळे त्यांनी. प्रेसवरच्या बाईचे हात चादरीत अडकलेले, ती कुठून नाकाला बोट लावणार?

आणि फळीवर एक रेडिओ होता. त्या वर्षी त्यावर एक गाणं फार लागायचं. ते सुरू झालं की चारही प्रेस त्याच्या तालावर चालायच्या. कुणी ठरवलेलं नव्हतं, हात आपोआप तसे पडायचे. त्यामुळे व्हायचं काय, तर दरवेळी गाण्याचा तोच तुकडा वाफेखाली जायचा. पहिली ओळ ऐकू यायची, मग भस्स, मग तिसरी ओळ. मधलं काय होतं ते त्या खोलीतल्या एकीलाही माहीत नव्हतं. धाकटी टेबलाखालून ओठांनी विचारायची, "खाली काय होतं?" आणि ताई वाफेतून ओठांनीच तिला ओळ सांगायची. आज एक, उद्या दुसरीच. धाकटीला ते सगळं खरं वाटायचं. तिला वाटायचं, गाणं रोज बदलतं आणि ताईला तेवढं कळतं.

त्यातली एक ओळ ताई पुन्हा पुन्हा सांगायची. माय भरून आली. घरात आईला कुणी माय म्हणत नव्हतं, पण गाण्यात म्हणतात, हे सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. पुढे वर्षं गेली. आईचा चेहरा पुसट होत होत फोटोतल्या चेहऱ्यापुरता उरला, आवाज तर मुळीच आठवेना. राहिली ती फक्त ही ओळ. आई गेली त्या वर्षी ताईनं वाफेतून सांगितलेली, की आई कुठे गेली नाहीये, आभाळासारखी आपल्यावर भरून आलीय. धाकटी पहिलं गाणं लिहायला बसली ते या ओळीच्या जिवावर. कुठल्या गाण्यात ती आणली मात्र कधी नव्हती. कुठे वापरली तर संपून जाईल अशी भीती वाटायची. या वेळी संगीतकारानं आईवर गाणं मागितलं, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं तसं तिलाही वाटलं, आता नाही तर कधी?

पण आता काकांनी चाल वाजवली आणि सगळंच डळमळलं. ती ओळ मूळ गाण्यातलीच असली तर? ताईनं खरोखरच ऐकून सांगितलेली असली तर? मग आईची म्हणून जपलेली ती एकुलती एक गोष्ट कुणा परक्या गीतकाराची, आणि आपण पन्नास वर्षं उसनं लेणं घालून मिरवतोय. बसमध्ये तिला दुसरं काही सुचेना.

ताई मुलाकडे राहायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला. सुनेनं दार उघडलं आणि आवाज चढवून, हात हलवून आत वर्दी दिली. ताई खिडकीपाशी बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. धाकटीला बघून तिनं दुसऱ्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, "आज कशी वाट चुकलीस गं?" आपला आवाज किती मोठा होतो ते तिला कळायचं नाही. वर्षानुवर्षं प्रेसवर काढल्यावर कान कुठले राहायला? आधी घंटी ऐकू येईना, मग माणसं, मग सगळंच. धाकटीचं पहिलं गाणं रेडिओवर लागलं त्याच्या आदल्या वर्षी उरलंसुरलंही गेलं. ती शेजारणींना सांगायची, माझी बहीण गाणी करते, पण त्यातलं एक अक्षर तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. टीव्हीवर गाणाऱ्यांचे ओठ वाचायला जायची आणि चिडायची. एक तर तो माइक आडवा, त्यात ही माणसं एकेक शब्द रबरासारखा ताणतात. धाकटीनंही आपलं गाणं तिला कधी ओठांनी म्हणून दाखवलं नाही. उपाशी माणसापुढे बसून जेवल्यासारखं वाटायचं तिला.

धाकटी समोर बसली आणि आवाज न काढता बोलायला लागली. सून चहा ठेवायला गेली ती दारातच थबकली. दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसून नुसते ओठ हलवतायत आणि मध्येच एक फिसकन हसते, हे तिला काही अजून सवयीचं झालं नव्हतं.

ते गाणं आठवतं का, असं धाकटीनं विचारलं. आठवतं म्हणजे काय! ताईनं लगेच हातांनी चादर पसरली, पहिली ओळ भसाड्या आवाजात म्हटली, सूर पार वाकडा पण ताल असा पक्का, आणि नेमक्या जागी तोंडानं केलं, "भस्स!" मग स्वतःच पोट धरून हसली.

"खाली काय होतं गं, ताई?" धाकटीनं विचारलं. पन्नास वर्षांनी तोच प्रश्न.

ताई म्हणाली, काही नव्हतं. कान जायच्या आधी एकदा एका दुकानात तिनं ते गाणं सबंध ऐकलं होतं, मुद्दाम थांबून. तिथे शब्दच नव्हते. नुसती बासरी. "एवढा जीव टाकायचीस तू," ताई म्हणाली, "आणि खाली नुसती बासरी!" मग तू सांगायचीस ते? ते काय, मनचंच. पोर पिच्छा सोडत नाही म्हटल्यावर काहीतरी सांगायला नको? बोक्याच्या मिशीला वाफ लागली, बाजारात माकड आलं, जे तोंडाला येईल ते.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ओळ कुणा परक्याची नाही, ताईची आहे. मग नुसतं विचारायचं, गाण्यावर तिचंही नाव घालायचं, झालं. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की आजवर जे केलं नव्हतं ते तिनं केलं. ताईचा हात हातात घेतला आणि नव्या गाण्याचा मुखडा ओठांनी म्हटला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

ताईच्या कपाळाला आठी पडली. "परत म्हण," ती म्हणाली. धाकटीनं परत म्हटला. ताई तिच्या ओठांकडे बघत राहिली, आणि मग मोठ्यानं नव्हे, कशी कोण जाणे, अगदी हळू आवाजात बोलली.

"पाय भरून आले."

धाकटीला वाटलं, चुकलं हिचं. पाय नव्हे गं, माय. जुन्या सवयीनं तिचं बोट आपसूक नाकाकडे निघालं.

"हे मी रोज म्हणायचे," ताई म्हणाली. "आई गेली त्या वर्षी. उभं राहायची सवय नव्हती ना मला. दुपार झाली की पाय असे भरून यायचे, वाटायचं इथेच बसकण मारावी. तू विचारायचीस खाली काय होतं, आणि काही सुचलं नाही की मी म्हणायचे, पाय भरून आले. तू खूश व्हायचीस. तुला वाटायचं, गाणंच आहे."

धाकटीचं बोट अर्ध्यावर थांबलं. तिनं त्याच बोटानं उगाच नाक पुसलं.

"दुसऱ्या कुणाला सांगणार होते?" ताईचे डोळे वाहायला लागले होते. "मला वाटायचं, एवढीशी पोर, हिला काय कळतंय. आणि तू ते ठेवलंस होय गं? माझे पाय तुझ्या लक्षात राहिले?"

नाही म्हणायचं? मला तुझे पाय कधी दिसलेच नाहीत, मी तुझ्याकडे बघत होते आणि तुझ्या जागी आई बघत होते, असं सांगायचं? धाकटीनं मान हलवली. हो. राहिले. मग तिनं स्टुलावरच्या पायांकडे बघितलं. घोटे सुजलेले, पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी. इतकी वर्षं ती या घरी येत होती आणि ते पाय असेच समोर वर ठेवलेले असायचे. ती खाली बसली आणि पाय चेपायला लागली. ताई आधी ओरडली, वेडी का काय तू, सून बघतेय. मग तिनं पाय धाकटीच्या हातात राहू दिले.

परतीच्या बसमध्ये धाकटी रडली. तोंडाला पदर लावून, पण चांगली रडली. आई तिच्यापुरती आज गेली होती. वाफेत आई नव्हतीच कधी. 'आली' आणि 'आले' यांत ओठ कितीसे हलतात? तेवढ्याशा फटीत तिनं सबंध आई उभी केली होती. आणि जी खरी तिथे उभी होती, तिचं वय तरी काय होतं? सतरा. धाकटीला आई हवी होती, कडकडून हवी होती, या वयातही. ती आता कुठून आणायची, ते तिला कळेना. आणि तरी ती ताईवर रागावू शकत नव्हती, स्वतःवरही धड नाही. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. तिनं दोन घोट घेतले आणि खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात शब्द फिरवायला लागली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सगळे तिची वाट बघत होते. ओळ परक्याची नाही हे कळल्यावर संगीतकारानं हुश्श केलं. व्हायोलिनवाल्या काकांनी माफी मागितली, ती तिनं घेतली नाही. उलट त्यांचेच आभार मानले. मग तिनं गाणाऱ्या मुलीला मुखडा बदलून सांगितला.

*आभाळ कुठे दाटले गं, पाय भरून आले,*
*माझ्या वाट्याचे उभे राहणे कोण करून आले?*

अंतरे आज तासाभरात इथेच बसून नवे लिहिते म्हणाली. संगीतकाराचा चेहरा उतरला. त्यानं समजावलं, विनवलं, शेवटी जरा वैतागलाच. आईच्या गाण्यावर माणसं रडतात, पायांवर कोण रडणार? असं कुठलं खूळ घेतलंत डोक्यात? तेव्हा तिनं कालची सगळी हकिकत सांगितली. बोक्यापासून स्टुलापर्यंत. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रकही कानावरचे हेडफोन काढून ऐकत होता.

संगीतकार माणूस वाईट नव्हता. मग त्याला एक वाट दिसली आणि त्याचा चेहरा खुलला.

"अहो बाई, मग अडलंय कुठे?" तो म्हणाला. "माय काय नि पाय काय, ओठांवर सारखंच दिसतं म्हणता ना? ही टीव्हीवर 'माय'च गाईल, मी माइक जरा बाजूला ठेवायला सांगतो. तुमच्या ताईंना 'पाय' दिसेल. त्यांना कधी कळायचंही नाही."

"तिला नाहीच कळायचं," धाकटी म्हणाली. "पण मला ऐकू येतं ना."